बाइंडरकाकांच्या सहीचं पान

तर काल सांगत होतो, बँकेची कर्जाची जुनी वही शिवायला नेमकी बाइंडरकाकांकडेच आली. पानं सुटलेली, पाठ उसवलेली. दुपारी काका ती उलगडून बघतात तो काय, लेकीच्या शिक्षणाच्या कर्जाला जामीन राहिल्याची त्यांची स्वतःचीच सही समोर. लेक शिकली, पण नोकरी लागेना, हप्ते थकले. सोमवारी दुकानाला कुलूप ठोकू, अशी नोटीस काकांच्या खिशातच होती.

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. त्यांनी सहीवर बोट ठेवलं.

"हे एक पान गेलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"माझ्याच बापाचं नाव आहे त्यावर."

"मग बसा त्यालाच टाके घालत."

आता गंमत बघा. पान गेलं की कर्ज गेलं, असं वाटत होतं त्या भोळ्या जोडप्याला. कर्ज तर कधीच कॉम्प्युटरात जाऊन बसलेलं. दोन दिवसांनी शिवलेली वही बँकेतल्या साहेबांच्या टेबलावर ठेवून काका हात जोडून उभे राहिले. साहेबांनी पानं चाळली, ती सही पाहिली आणि हसत विचारलं, "काका, हे पान काढून टाकावंसं नाही वाटलं?"

"वाटलं ना साहेब, दोनदा सुरी लावली. पण वहीतलं एक पान कापलं की त्याच्या जोडीचं सुटून येतं, आणि त्यावर दुसऱ्या एका बापाचं कर्ज फिटल्याचा शिक्का होता. तो बिचारा सुटलाय, त्याला परत कशाला अडकवू? मला फक्त दोन महिने द्या, दुकानच गेलं तर मी फेडू कशानं?"