बाबांची अरुंद अक्षरं

बाबा अंगाने चांगले ऐसपैस होते, आणि आयुष्यभर त्यांनी काढली ती मात्र सडपातळ अक्षरं. आई म्हणायची, "स्वतःचं पोट आवरत नाही, म्हणून अक्षरांना उपाशी ठेवतात." बाबा त्यावर पोटावरून हात फिरवत म्हणायचे, "कुणीतरी खायला नको का त्यांच्या वाटचं?"

फॉन्ट तयार करणं हा त्यांचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत एक उतरतं टेबल, एक कॉम्प्युटर आणि भिंतीभर टाचलेले कागद. मी एका प्रकाशनात पुस्तकांची पानं लावते. ते काम मी याच खोलीत शिकले. एका वर्षी एका साप्ताहिकाच्या संपादकबाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "माझे रकाने अरुंद आणि मथळे लांब. शब्द तोडावा लागू नये, आणि रस्त्याच्या पलीकडून वाचता यावा. मथळे, मुखपृष्ठ, जाहिराती, गाडीवरची पाटी, सगळीकडे अक्षरांचा एकच चेहरा हवा."

बाबा खुलले. फाटे-शेपट्या नसलेली, साधी, उभी, खांद्याला खांदा लावून उभी राहणारी अक्षरं त्यांनी काढायला घेतली. रेघेच्या जाडीला ते वजन म्हणायचे; केसासारख्या बारीक वजनापासून ठसठशीत काळ्यापर्यंत त्या अक्षरांचं सगळं कुटुंब त्यांच्या डोक्यात तयार होतं. मधली वजनं मार्गी लागली. सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक तेवढी उरली.

एके दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी पेपर उघडला आणि विचारलं, "हा कुठल्या भाषेतला टाकून गेला आज?"

"सकाळी सकाळी थट्टा पुरे. चहा निवतोय," आई म्हणाली.

बाबांनी पेपर उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग पेन्सिल घेऊन कडेला एक शब्द लिहिला आणि माझ्यापुढे सरकवला. "काय आहे हे?"

"घर."

"हो, मी घरच लिहिलं," ते हळूच म्हणाले. "पण मला ते तिथे दिसत नाहीये गं."

मेंदूत लहानशी गुठळी झाली होती. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. "डोळे शाबूत आहेत, भाषाही शाबूत आहे. दोन्हींमधली वाट बंद झालीय. लिहिता येईल, लिहिलेलं वाचता येणार नाही. उजवीकडचं थोडं दिसणारही नाही, तेव्हा दाराच्या चौकटी सांभाळा." येताना रिक्षात बाबा दुकानांच्या पाट्यांकडे बघत नव्हते. मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत होते.

काही आठवडे त्यांनी मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मी संपादकबाईंना काम परत करायचं ठरवलं आणि आईला तसं सांगितलं. ती भांडी विसळत होती. "त्यांना वाचता येत नाही," ती म्हणाली. "बघता येत नाही, असं कुठे म्हणाले डॉक्टर?"

मी जाड अक्षरांचा एक कागद छापला आणि बाबांपुढे धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मग बोट टेकवलं. "याचं पोट गुदमरलंय. आत हवाच नाही."

"कुठलं अक्षर आहे ते, बाबा?"

"मला काय विचारतेस? तू सांग."

तो पोटफोड्या ष होता. जाड वजनात त्याच्या पोटातली रेघ काळ्यात बुडाली होती. बाबांनी पेन्सिलीने ती मोकळी करून दाखवली. चूक अगदी नेमकी पकडली होती, आणि कुठल्या अक्षराची पकडली ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले.

तसंच आम्ही जाड वजन पुरं केलं. मी अक्षराचं नाव सांगायची, ते हवेत हात फिरवून त्याचं वळण आठवायचे आणि मग कागदावर शोधायचे. कधी चिडायचे. एकदा घ आणि ध शेजारी ठेवले, तेव्हा त्यांनी कागद भिरकावून दिला. "दोन अनोळखी माणसं उभी करतेस आणि यातला तुमचा कोण, म्हणून विचारतेस!"

नव्या अक्षरांतला पहिला अंक घेऊन संपादकबाई स्वतः आल्या. त्यांना आजार माहीत होता, पण तो किती खोल आहे ते माहीत नव्हतं. मुखपृष्ठ पुढे धरून कौतुकाने म्हणाल्या, "बघा, कसं झटकन वाचलं जातं!"

बाबांनी कागदावरून हात फिरवला. "अंतरं छान बसलीत," ते म्हणाले.

त्या गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "काय लिहिलंय गं?"

"शहरात पाणीपट्टी वाढणार."

"एवढंच?" ते हसले आणि हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं.

पुढे ती अक्षरं सगळीकडे दिसू लागली. बसथांब्यावर, साबणाच्या वेष्टनावर, एका दवाखान्याच्या पाटीवर. गर्दीत आपलं माणूस चालीवरून ओळखावं, तशी बाबांना ती लांबून कळायची. ते कोपराने ढोसायचे. "ही माझी ना?" मी हो म्हणायची. काय लिहिलंय ते विचारणं त्यांनी हळूहळू सोडून दिलं.

डॉक्टरांनी सुचवलेल्या एका बाईंनी त्यांना समोरचं अक्षर तळहातावर बोटाने गिरवून ओळखायला शिकवलं. बोट फिरलं की हाताला आठवायचं, आणि हात सांगेल ते बाबा बोलायचे. एका ओळीला चहा गार व्हायचा. आई समोर बसून वाट बघायची, मधे शब्द पुरवायची नाही. एकदा आख्खं वाक्य झालं, तेव्हा बाबा म्हणाले, "झालं. पण सुरुवातीला काय होतं?"

दुसरा झटका हिवाळ्यात आला. त्यातून ते उठले नाहीत.

बारीक वजन तेवढं राहून गेलं. त्यांच्या माघारी मी दोनदा ते काढायला बसले. रेघा बरोबर येत होत्या, मापंही चुकत नव्हती. पण कागद पुढे धरला, की समोर कुणी नसायचं. शेवटी ते कुटुंब त्या एका वजनाशिवायच बाजारात गेलं. अधूनमधून कुणी फोन करून विचारतं, "यात बारीक का नाही?" मी म्हणते, "नाही झालं." समोरचा बरं म्हणतो आणि मधलं एखादं वजन घेतो.