उजव्या हाताचं घर

‘घर पाहावं बांधून’ असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, त्याचा ठेकेदार अर्ध्यावर काम टाकून पळाला असणार. तुळशीराम गजभियेचा पळाला नाही. त्यानं कबूल केलेल्या दिवशी घर उभं केलं, चाव्या हातावर ठेवल्या, पेढा खाल्ला आणि गेला. माझं तर म्हणणं आहे, तो पळाला असता तर बरं झालं असतं.

तुळशीराम मूळचा भंडाऱ्याकडचा. मिसरूड फुटलं तेव्हा रायपूरला रेल्वेच्या वर्कशॉपात मालगाडीचे डबे दुरुस्त करायला लागला आणि तिथंच त्याचे केस पिकले. रेल्वेनं दिलेल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात त्याचा संसार सुरू झाला, तिथंच मुलगा झाला, तिथंच आई वारली. आणि त्याच क्वार्टरात त्याच्या बायकोची, अंजनाबाईची, नजर गेली.

काचबिंदू होता. तो काही एका रात्रीत आंधळं करत नाही, कडेकडेनं खात येतो. अंजनाबाईनं कुणाला सांगितलंच नाही. डॉक्टरकडे नेलं तेव्हा वाचवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तुळशीराम रडला, ती नाही रडली. म्हणाली, “आता काय करता? घर तर माह्या हातातलं आहे ना.”

आणि खरंच होतं. दारातून आत आलं की उजवा हात भिंतीला टेकवायचा. आधी बटनांचा बोर्ड लागे, मग कोनाडा, मग आतल्या खोलीची चौकट, मग स्वयंपाकघर. त्या उजव्या हातावर ती सगळा संसार चालवायची. शेजारच्या क्वार्टरातली प्रेमला वर्षभर तिच्या हातचा चहा प्यायली, पण काकूला दिसत नाही याचा तिला पत्ता नव्हता. एकदा पंडरीच्या बाजारातून आणलेली साडी घेऊन आली आणि विचारलं, “काकू, हा रंग मले शोभते का व?” अंजनाबाईनं काठ चाचपले आणि म्हणाली, “तुले काय, काहीही शोभते. कोणता आहे?” तेव्हा कुठं प्रेमलाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती साडी पोटाशी धरून तिथंच रडत बसली.

अंजनाबाईचा एक हट्ट होता. पिण्याचं पाणी ती कुणाकडे मागायची नाही. तिची सासू शेवटची दोन वर्षं खाटेवर होती. दिवसभर एकच हाक, “पाणी दे व, अंजना.” सुनेनं सगळं केलं, नाक मुरडलं नाही, पण धसका घेतला तो घेतलाच. म्हणायची, “बाई बसल्या जागेवरून पाणी मागाले लागली, का समजा ते संपली.” आंधळी झाल्यावरही ती उठायची, माठापाशी जायची, स्वतःच्या हातानं प्यायची. तुळशीरामनं कधी पेला पुढं केलाच तर म्हणायची, “काहून जी? मी काय तुमची माय हाओ?”

तुळशीराम रिटायर झाला आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा त्यानं शहराबाहेर, कचना गावाच्या पुढं एक प्लॉट घेऊन ठेवला होता. वर्कशॉपातले लोक हसले होते, “गजभिये, तिथं कोल्हे राहतात.” आता कोल्हे गेले होते आणि हसणारेच भाव विचारत होते. प्लॉट होता, पैसे मिळाले होते. प्रश्न एकच होता, आणि तो तुळशीरामला जेवू देत नव्हता. नव्या घरात अंजना आपल्या हातानं पाणी पिऊ शकेल का?

पहिल्यांदा त्यानं गुढियारीच्या नत्थू मिस्त्रीला गाठलं. नत्थूनं क्वार्टर फिरून पाहिलं, दोरीनं मापं घेतली आणि म्हणाला, जसंच्या तसं बांधून देतो, विटेचं. पण नत्थूचं काम म्हणजे बैलगाडी. धान कापायला तो गावी जाणार, छेरछेऱ्याच्या सणाला पोरं धान्य मागत दारोदार फिरतात तेव्हा गावी जाणार, मढईची जत्रा भरली की पुन्हा जाणार. म्हणजे वर्ष तर सहज लागणार. आणि क्वार्टर तर काही महिन्यांत सोडायचं. मग मधल्या काळात भाड्याची खोली. म्हणजे अंजनानं आधी एक परकं घर चाचपडून शिकायचं, आणि शिकून झालं की दुसरं.

मुलगा बुद्धभूषण भिलाईला प्लांटात होता. वडील मराठीत बोलायचे, तो हिंदीत उत्तर द्यायचा; घरात कुणाला त्यात काही वाटत नसे. तो म्हणाला, “बाबा, ईंट का जमाना गया. प्लॉट के बाजू में जो कॉलनी बन रही है ना, वो लोग साँचे में सीधा काँक्रीट डालते हैं. चार महीने में घर खड़ा.”

तुळशीराम कॉलनी पाहायला गेला. तरुण ठेकेदारानं नमुन्याचं घर उघडून दाखवलं. लोखंडाचे साचे उभे करायचे, आत सळ्या, वरून काँक्रीट. भिंत आणि छप्पर एकजीव, मध्ये खांबही नाहीत. “दीवार नहीं अंकल, चट्टान है,” तो म्हणाला आणि भिंतीवर मूठ आपटून दाखवली. पण तुळशीरामचं लक्ष भिंतीकडे नव्हतंच. पुढची खोली, आतली खोली, मागं स्वयंपाकघर, त्यामागं न्हाणी. अरे, हे तर आपलंच क्वार्टर! फक्त हात उलटा. क्वार्टरात जे उजवीकडे, ते इथं डावीकडे.

त्यानं विचारलं, हात फिरवता येईल का? ठेकेदार हसला. एका घरासाठी साचा बदलत नाही.

मग तुळशीरामनं एक गोष्ट केली. नमुन्याच्या घराच्या दारात उभा राहिला, डोळे गच्च मिटले, डावा हात भिंतीला टेकवला आणि चालत सुटला. बोर्ड लागला, चौकट लागली, आणि स्वयंपाकघराचा ओटा पोटाला लागला. डोळे उघडले तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. मी पोचलो, तर ती का नाही पोचणार? आत्ताच आपण हे घर दोन डोळ्यांनी पाहून घेतलंय, हे त्या भल्या माणसाच्या लक्षातच आलं नाही. प्रेमानं घाई केली की माणूस असाच फसतो.

घरी येऊन त्यानं तिला सांगितलं. “अंजना, अगदी आपलं क्वार्टर. फक्त हात बदलला.”

“हात बदलला म्हंजे? आता मी डाव्या हातानं जेवू काय?” ती हसली. मग म्हणाली, “तुम्ही पाहून आले ना? बस मग. शिकीन मी.”

चार महिन्यांत त्याच साच्यातून प्लॉटवर घर उभं राहिलं. बुद्धवंदना झाली, खीर झाली. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावायला बुद्धभूषण भिंतीत खिळा ठोकायला गेला, तर खिळाच वाकला. दुसरा घेतला, तोही वाकला. सगळे हसले, भिंतीचं कौतुक केलं आणि तसबिरी टेबलावर ठेवल्या. अंजनाबाई दारातून आत आली, सवयीनं उजवा हात पुढं केला. तिथं रिकामी हवा होती. तिचा तोल गेला, कुणीतरी सावरलं. त्यावरही सगळे हसले, तीसुद्धा.

पुढचे दिवस मात्र हसण्याचे नव्हते. ती शिकायला बसली, शाळेतल्या पोरीगत. डावा हात भिंतीला लावायची, पुटपुटत चालायची, पोचायची. पण मन दुसरीकडे गेलं, फोन वाजला, दूध उतू गेल्याचा वास आला, की पाय आपणहून उजवीकडे वळायचे आणि कपाळ भिंतीवर. परकंच घर असतं तर ती शिकली असती, असं मला वाटतं. हे तर तिचं स्वतःचं घर, उलटं घातलेल्या पोलक्यासारखं. क्वार्टर तिनं डोळे होते तेव्हा पाहिलं होतं, ते तिच्या आत उभं होतं आणि हटत नव्हतं. “पाय ऐकत नाहीत जी,” ती म्हणायची. एक दिवस उकळता चहा घेऊन वळली ती सरळ भिंतीवर. हात भाजला, तोच उजवा.

त्यानंतर ती पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर बसायला लागली. पाणी मात्र मागायची नाही. ओठ कोरडे पडले तरी तशीच बसायची, मग हळूच उठून भिंत धरायची. तुळशीराम नुसता पाहत राहायचा, कारण धरायला गेलं की ती हात झटकायची.

तो नत्थूकडे गेला, भिंत फोडून घर पुन्हा उजव्या हाताचं करता येईल का विचारायला. नत्थू आला, छन्नी लावली, चार घाव घातले. भिंतीवर पांढरा ओरखडा उमटला, बस. “नइ टूटय कका,” तो म्हणाला. “एला काटबो त छत घलो आ जाही.” भिंत कापली तर छप्परच खाली येणार, खांब नव्हतेच, भिंतींनीच ते उचललं होतं. नत्थूनं मजुरी घेतली नाही. ती घेतली असती तर तुळशीरामला कमी लागलं असतं.

चौदा एप्रिलला रेल्वे कॉलनीच्या विहारात कार्यक्रम होता. तुळशीराम तिला घेऊन गेला. परतताना ती म्हणाली, “एकदा आपलं क्वार्टर दाखवा ना जी.” दाखवा म्हणाली. तिथं आता एक तरुण जोडपं राहत होतं. त्या मुलीनं दार उघडलं, “आइए ना आंटी,” म्हणाली आणि धरायला हात पुढं केला. अंजनाबाईनं तो बाजूला केला. उजवा हात भिंतीला टेकवला.

बोर्ड. कोनाडा. चौकट. ती गेली ती सरळ स्वयंपाकघरात. मुलगी मागं मागं, तोंडाचा आ करून. डबे तिला विचारावे लागले, बाकी काही नाही. चहा झाला आणि ती ट्रे घेऊन बाहेर आली, पाठ ताठ, चाल भरभर. बशीत थेंब सांडला नव्हता. “घ्या जी,” म्हणून तिनं बरोबर नवऱ्यापुढं कप धरला. तुळशीरामला ती कितीतरी महिन्यांनी दिसली. इतके दिवस खुर्चीत बसत होती ती कोणी दुसरीच बाई होती, आणि ती आपणच घडवली, हे त्याला तिथं कळलं.

निघताना प्रेमला शेजारून धावत आली, दोघी गळ्यात पडल्या. अंजनाबाई ऑटोत बसली. घर आलं. दारात ती थांबली, उजवा हात उचलला, आणि भिंतीकडे न नेता तसाच खाली सोडला. तुळशीरामनं तिचा दंड धरला. या वेळी तिनं झटकला नाही. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, पंखा लावला.

थोडा वेळ गेला. मग ती हळू आवाजात म्हणाली, “अहो, पाणी द्या जी मले थोडं.”

तुळशीराम उठला. माठातून पेला भरला आणि ओट्याला धरून उभा राहिला. बाहेरून तिनं पुन्हा हाक मारली.