फ्यूज बुडाशी ठेवा, मग चढा

डोंगरकड्याचा एक ओळखीचा माणूस सकाळी दुकान उघडता उघडता आला आणि त्यानं तिरडीसाठी सुतळी मागितली. कळमनुरीत माझं दोर-सुतळीचं दुकान आहे, त्यामुळे मरणाच्या बातम्या मला बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या तोंडूनच कळतात. "कोण गेलं?" म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "मारोतराव." हा माणूस कित्येक वर्षं माझ्याकडून दोर नेत होता. एक टोक पायाखाली दाबून, कचकन ताणून पाहिल्याशिवाय त्यांनी एकदाही दोर उचलला नाही. मला राग यायचा. म्हणायचो, "मारोतराव, सगळ्या गिऱ्हाइकांनी असं केलं तर मी दुकान चालवावं कधी?" ते म्हणायचे, "सगळे गिऱ्हाईक त्याला लटकत न्हाईत ना, दुकानदार." त्या सकाळी सुतळी नेणाऱ्यानं ती बघितलीसुद्धा नाही. नुसती पिशवीत कोंबली आणि गेला.

मारोतराव झाडावर चढायचे, हाच त्यांचा धंदा. विहिरीवर आलेला पिंपळ, घरावर कललेला लिंब, विजेच्या तारांत घुसलेली चिंच, हे सगळं छाटायला लोक त्यांना बोलवायचे. फांदी कुठून कापली म्हणजे झाड जगतं आणि कुठून कापली म्हणजे कुजतं यावर ते तासन् तास बोलत, आणि ऐकणारा कंटाळला तरी त्यांना पत्ता नसे. स्वभावानं तिरसट. पण या कामातली माणसं एकेकटी मरतात आणि त्यांच्या मागे कुणी उभं राहत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. हिंगोली अजून वेगळा जिल्हा झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. कनेरगाव नाक्याकडचा एक जण रस्त्याकडेच्या झाडावरून पडून मेला आणि ठेकेदारानं सरळ सांगितलं, "हा आमचा माणूसच नव्हे." त्यानंतर मारोतराव गावोगाव फिरले, झाडावर चढणारे सगळे गोळा केले आणि त्यांचं मंडळ काढलं. मंडळाला जागा नव्हती, म्हणून बैठका माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! तरी मी ती खोली दिली, आणि आज वाटतं, तेवढं एक बरं केलं.

मंडळाचे नियम थोडेच होते. कमरेला दोर हवा, दारू पिऊन चढायचं नाही, आणि ठेकेदाराशी एकट्यानं बोलायचं नाही. पण ज्यावर मारोतराव जीव टाकत, तो नियम तारांचा होता. झाडाजवळून तार जात असेल तर आधी वायरमनला बोलवायचं, डीपीवरचे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, फ्यूज काढायला लावायचे आणि ते उचलून झाडाच्या बुडाशी आणून ठेवायचे. फ्यूज डोळ्यांना दिसत असतील तरच पाय बुंध्यावर टाकायचा. खालच्या माणसानं ते राखत बसायचं आणि वरचा उतरल्यावरच वायरमनच्या हातात द्यायचे. वायरमन "बंद केली" म्हणाला एवढ्यावर चढायचं नाही. "तोंडाची लाईन वेगळी, तारेची वेगळी," असं ते म्हणत.

मग भारनियमनाचे दिवस आले. दिवसदिवस वीज नसायची. कुठल्या गावाची किती वाजता जाते आणि किती वाजता येते हे लेकरांनासुद्धा पाठ झालं होतं. मंडळातल्या लोकांना वायरमनची वाट बघणं जड जाऊ लागलं. "तारंत जीवच न्हाई तर फ्यूज काहून काढायचे?" असं ते बैठकीत विचारू लागले. ठेकेदारांना तर घाईच असायची. मारोतराव चिडायचे, पण त्यांच्या माघारी कोण काय करतं हे त्यांना कुठवर दिसणार? आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा, तो त्यांचा धाकटा भाऊ गोविंद, त्यानंच घात केला.

औंढ्याची यात्रा जवळ आली होती. त्या रस्त्यावर तारांत शिरलेल्या फांद्या यात्रेआधी काढायच्या होत्या. ती वेळ रोजची वीज जाण्याची. गोविंद लिंबावर चढला. डीपी लांब होती, वायरमन दुसऱ्या गावाला होता, आणि गोविंद हसून म्हणाला म्हणे, "दादाला सांगू नका." यात्रा आहे म्हणून त्या आठवड्यात तिकडची वीज बंदच होत नव्हती, हे झाडाखालच्या एकालाही ठाऊक नव्हतं. रोज जाते म्हणजे आजही गेली असणार, एवढाच हिशेब. पहिली फांदी कापून झाली आणि दुसरी कापताना तारेवर टेकली… पुढचं मी लिहीत नाही. मी तिथं पोचलो तेव्हा त्याला खाली काढलं होतं आणि वच्छला, त्याची बायको, शेजारी बसली होती. रडत नव्हती.

पंचनाम्याच्या आधी मंडळातले दोघे-तिघे मारोतरावांना बाजूला घेऊन गेले. मीही होतो. "दादा, एवढंच सांगा की फ्यूज आणले व्हते, वायरमननं न विचारता परत लावले. म्हंजे वच्छलाबाईला सरकारकडून काई तरी मिळंल. न्हाई तर तिच्या पदरात काईच पडत न्हाई." मारोतराव ऐकून घेऊन तसेच वळले. परत आले, पंचनाम्याला आलेल्या पोलीस साहेबासमोर उभे राहिले आणि सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले, "फ्यूज आणले न्हाईत. डीपीकडं कुणी गेलंच न्हाई. माझा भाऊ लोडशेडिंगच्या भरवशावर चढला. वायरमनचा काई दोष न्हाई." वच्छलानं मान वर करून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. ठेकेदारानं तिथंच हात वर केले. तुमचाच नियम, तुमच्याच माणसानं मोडला, म्हणाला, मग आमचा काय संबंध? माणसं वाचावीत म्हणून केलेला नियम ठेकेदाराच्याच कामी आला. मला त्या क्षणी मारोतरावांचा संताप आला होता. इतका कोरडा असतो का माणूस? मग आम्ही परत निघालो, तर रस्त्याच्या कडेला बसून ते ओकले. तोंड पुसत मला म्हणाले, "दुकानदार, ती मला आता काय म्हणल?" मी धीर द्यायचा म्हणून म्हणालो, "काही म्हणणार नाही."

तसंच झालं. वच्छला त्यांना पुढं कधीच काही म्हणाली नाही. मारोतरावांची बायको आधीच वारली होती, घर एकच, चूल एकच. आधीही ती डोक्यावर पदर घेऊन मोजकंच बोलायची, पण "दादा, जेवून घ्या" एवढं तरी असायचं. आता ताट वाढायची, सरकवायची आणि उठून जायची. मंडळातले लोक सुगीत तिला ज्वारी नेऊन द्यायचे, ती परत पाठवायची आणि लोकांच्या शेतात निंदायला जायची. इकडे मंडळात मात्र फ्यूज दिसल्याशिवाय पुन्हा कुणी पाय उचलला नाही. ठेकेदारांनी बाहेरची माणसं आणली, कामं कमी झाली, काही जण सोडून गेले. पण उरलेल्यांतलं कुणी तारेला लागून मेलं नाही. मी हे मारोतरावांना बोलून दाखवलं की ते विषय बदलायचे. शेवटी दम्यानं त्यांना खाटेवर पाडलं. तिथंही तीच ताट सरकवत होती.

तेराव्यानंतर मी डोंगरकड्याला गेलो. वच्छलाबाईंनी चहा टाकला. मी काहीच विचारलं नव्हतं, त्याच बोलू लागल्या. "भाऊ, ते खोटं बोलले असते तर मी बोलले असते त्यांच्याशी. रोज बोलले असते. अन् वायरमन तुरुंगात गेला असता, त्याची बायको बसली असती माझ्यावानी… मला कळत व्हतं ते. लई आधीच कळलं व्हतं." मी म्हणालो, "मग एकदा तरी बोलायचं, बाई." त्यांनी चहात साखर टाकली. "गर्दीत बोलायच्या आधी मला एकदा सांगायचं व्हतं ना त्यांनी. मीच सांगितलं असतं साहेबाला. माझा मालक व्हता तो."

चूल पऱ्हाट्यांवर, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, पेटवलेली होती, आणि पऱ्हाट्यांचा जाळ टिकत नाही. त्या पुन्हा पुन्हा मूठमूठ आत सारत होत्या. माझ्या मागच्या भिंतीशी मात्र लिंबा-बाभळीचं सरपण छातीइतकं रचलेलं, सारख्या लांबीचं, वाळलेलं. कामावरून येताना मारोतराव रोज एक मोळी आणायचे आणि काही न बोलता तिथं टाकून जायचे, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, "एवढं सरपण आहे, मग पऱ्हाट्या कशाला?" वच्छलाबाईंनी धुरानं आलेलं पाणी पदरानं पुसलं. "मी रोज जाळत व्हते की," म्हणाल्या. "आता आणणारं न्हाई कुणी." आणि त्यांनी आणखी एक मूठ पऱ्हाट्या चुलीत सारल्या.