गल्याथाचं घर आणि जक्कयाचा उंबर

डहाणूला माझं ड्रेपरीचं दुकान आहे. शाळेच्या गॅदरिंगला राजा, गणपतीच्या देखाव्याला राक्षस, मिरवणुकीला मावळे, जे मागाल ते भाड्याने मिळतं. दाढीचं भाडं वेगळं. या धंद्यात माणसाची पारख लागत नाही, टेप लागते. ती गळ्यात अडकवून मी अर्धं आयुष्य पुरुषांची मापं घेतली आहेत आणि छातीवर हात ठेवून सांगतो, आपली उंची खरी सांगणारा पुरुष मला अजून भेटायचा आहे. सगळे दोन बोटं वाढवून सांगतात. टाचा उचलतात, मान ताणतात, टोपी काढायला विसरतात. आमच्याकडचे एक पुढारी दरवर्षी मिरवणुकीत राजा होतात. त्यांच्या मोजडीत मी इतके थर भरतो की सिंहासनावरून उतरताना त्यांना दोन्हीकडून धरावं लागतं. लोक म्हणतात, काय रुबाब आहे! मी मात्र टेपशी इमान राखून होतो. पाच फूट दोन म्हणजे पाच फूट दोन. मी स्वतः पाच फूट तीन, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो.

तर एके दिवशी तलासरी तालुक्यातून फोन आला. उधव्याच्या पुढे एका पाड्यावर छोटं चर्च आहे, तिथले नवे फादर बोलत होते.

"गल्याथ मिळेल का?"

"रावण आहे," मी म्हटलं. "चालेल?"

"डोकी किती आहेत?"

"नऊ काढून देतो."

सौदा ठरला. गल्याथ म्हणजे बायबलमधला तो अजस्र योद्धा, ज्याला दावीद नावाच्या मेंढपाळाने गोफणीच्या एका दगडात आडवा केला. फादरनी मला माहितीसाठी बायबलची प्रत पाठवली. मी ती शिंप्याच्या नजरेने वाचली, म्हणजे जिथे जिथे माप दिसलं तिथे थांबलो. आणि काय सांगू, हे पुस्तक माझ्या धंद्यातल्या माणसासाठीच लिहिलेलं वाटलं! गल्याथाची उंची हात आणि वितीत दिलेली आहे, चिलखताचं वजनसुद्धा. आजवर एकाही गिऱ्हाईकाने मला इतकी नेमकी ऑर्डर दिलेली नाही. ओग नावाचा एक धिप्पाड राजा आहे. त्याच्या पराक्रमापेक्षा त्याच्या लोखंडी पलंगाचंच माप लक्षात राहतं. मोठ्या माणसांचं हे असंच होतं, मागे फर्निचर उरतं. शौल राजा सगळ्या लोकांपेक्षा खांद्याच्या वर उंच होता, आणि राज्य द्यायची वेळ आली तेव्हा सामानसुमानात लपून बसला होता. आमच्याकडेही सत्कार म्हटलं की लोक असेच लपतात, पण डोकं बाहेर राहील एवढी काळजी घेऊन.

आणि जक्कय. बुटका, श्रीमंत, जकातदारांचा मुख्य. येशू गावातून जात होता, गर्दीमुळे याला दिसेना, म्हणून गडी चक्क उंबराच्या झाडावर चढला. येशूने वर पाहिलं आणि सांगितलं, खाली ये, आज मी तुझ्या घरी उतरणार. त्यावर या साहेबाने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करायचं कबूल केलं. मी पुस्तक मिटलं. राक्षस मी मानतो. पण परत करणारा जकातदार?

मी पाड्यावर पोचलो तो थेट भांडणात. चर्चच्या अंगणात, उंबराच्या झाडाखाली, फादर एका बाजूला आणि सगळा पाडा दुसऱ्या बाजूला.

भांडण समजण्यासाठी आमच्या भागातली सोंगं माहीत हवीत. डोंगरपट्टीत उन्हाळ्यात मुखवटे लावून देवांची, राक्षसांची सोंगं नाचवतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पुष्कळ ठिकाणी ठरलेलं असतं. तो त्या घराचा मान. बाप थकला की मुलगा नाचतो. पूर्वी इथे एक म्हातारे फादर होते. त्यांनी सणाला बायबलचं नाटक बसवलं. त्यांनी साध्या डोळ्यांनी पात्रं निवडली. पाड्यातला सगळ्यांत उंच माणूस गल्याथ केला, सगळ्यांत बुटका जक्कय केला, आणि ज्याचा नेम चांगला त्याला दावीद केलं. नाटक रंगलं. फादर बदलून गेले. पाड्याने मात्र ते आपल्या रीतीने लक्षात ठेवलं. एक घर गल्याथाचं झालं, एक जक्कयाचं, एक दावीदाचं. गल्याथाचं घर तर ख्रिस्तीही नाही, देवळात जाणारं आहे, पण मान म्हणजे मान. येशूचं सोंग कुणीच घेत नाही. त्या जागी पुढे एक पेटता कंदील चालतो आणि सगळे गप्प होतात.

घरं तीच राहिली, उंची राहिली नाही.

"हा आमचा गल्याथ," फादर म्हणाले आणि एका माणसाकडे बोट दाखवलं. तो माझ्या कानापर्यंत येत होता. डहाणूला फुग्याच्या कारखान्यात कामाला, चेहरा गोल, नजर ठाम.

"आणि हा जक्कय." या माणसाला पाहायला मला टोपी धरावी लागली. पोलीस भरतीत उंचीत पास, धावण्यात नापास.

"शेट, तुम्हीच सांगा," फादर मला म्हणाले. फादर तरुण, मुंबईत शिकलेले, हातात मोबाईलचा स्टँड. "यंदा नाटक इंटरनेटवर जाणार आहे. जगभर लोक बघतील. बुटका गल्याथ आणि उंच जक्कय? लोक हसतील. नुसती अदलाबदल करा म्हणतोय मी."

"माझा उंबर मी सोडणार नाय," उंच जक्कय म्हणाला.

"अरे, तुला झाडावर चढायची गरजच काय? तुला खालूनच पलीकडचं गुजरात दिसतं!"

"गरजेचा काय संबंध, फादर? माझा आजा चढला, बाप चढला. आन् जेवण कुणाकडे असतं? जक्कयाकडे. सगळा पाडा आमच्या अंगणात जेवतो. गल्याथाला काय मिळतं? टेंगूळ."

"आमचं टेंगूळ आमाला पुरं हाय," बुटका गल्याथ म्हणाला. "तू तुझी कोंबडी शिजव."

दावीदाच्या घरात आता एकच वारस उरली होती, एक पन्नाशीची मावशी. चिकूच्या वाडीत गोफणीने माकडं हाकलते. ती म्हणाली, "कुणाला पण उभं करा बाबांनो. मला फक्त कपाळ दावा."

शेवटी फादरनी निकाल दिला. मी आणलेलं चिलखत ज्याच्या अंगाला बसेल तो गल्याथ. बुटक्याने चिलखत चढवलं. ते त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. शिरस्त्राण नाकावर थांबलं. आतून आवाज आला, "बसलं." कुणी हसलं नाही. मला मात्र ओठ चावावा लागला.

"उद्या संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक," फादर म्हणाले, "नाहीतर गल्याथ दुसऱ्याचा." ते दुष्ट नव्हते. नुसते व्यवस्थित होते.

बुटका मला आपल्या घरी घेऊन गेला. तिथे बाजेवर त्याचा बाप पडला होता, पाड्याचा पहिला गल्याथ. काय तो देह! वाळला होता, पण संपला नव्हता. गुडघ्यापासून पुढचे पाय बाजेबाहेर, खाली टेकू म्हणून एक डबा ठेवलेला. मला ओगचा पलंग आठवला. तरुणपणी हा शिडीशिवाय चिकू तोडायचा म्हणे.

"बसलं का रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

मुलगा पाणी आणायला आत गेला. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"शेट, याची आई ठेंगणी. पोर तिच्यावर गेलं. त्याचा काय दोष? पण मान माझ्या डोळ्यांदेखत घराबाहेर गेला, तर पुढच्या सालाला मी कशाला जगू?"

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "शेट, उद्या बाबाला बाजेसकट उचलून आणणार हाय. कायतरी करा."

मी ड्रेपरीवाला. माणसाला उंच करणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. मोजडीत थर घालून हे भागणार नव्हतं. पण नाटकात गल्याथ आधी येतो आणि जक्कय नंतर. म्हणजे गल्याथाच्या वेळी तो उंच जक्कय रिकामा! मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि बेत सांगितला. उंच खाली उभा राहील, बुटका त्याच्या खांद्यांवर बसेल, वरून चिलखत, खाली माझं राजाचं लांब धोतर. मधल्या फटीतून खालच्याला दिसावं म्हणून मच्छरदाणीचा तुकडा.

उंचाने बुटक्याला उचलून वजन पाहिलं. "बसू दे खांद्यावर. बैल पण बसू देतो पोरांना. पण सोंग त्याचं, मी फक्त पाय."

"फक्त पाय," बुटक्याने कबूल केलं.

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली तसं अंगण भरलं. तलासरीहून, रानशेतहून पाहुणे आले होते. फादरनी मोबाईल स्टँडवर लावला. पुढच्या रांगेत म्हाताऱ्याची बाज ठेवली, त्याच्या पोटावर नारळ. सोंगासमोर नारळ ठेवायची त्यांच्या घरची रीत. फादर हळूच म्हणाले होते, "बाबा, नारळ घरी फोडला असता तर?" म्हातारा म्हणाला होता, "फोडत नाय. नुसता धरतो."

आणि गल्याथ आला! कुडाच्या मागून आधी शिरस्त्राण दिसलं, मग खांदे, मग येतच राहिला. बायका ओरडल्या. एक कुत्रं पळालं. फादरांचं तोंड उघडं पडलं आणि त्यांनी मोबाईलचा स्टँड वर केला. म्हातारा कोपरांवर उठून बसला.

"कोण येतो माझ्याशी लढायला?" वरून फुग्याच्या कारखान्यातला आवाज गरजला.

मावशी पदर खोचून पुढे आली. "मी येते! एवढा लांबडा झालास, वर वारा बरा लागतो का?" तिने गोफण गरगरवली. दगडाच्या जागी चिंध्यांचा चेंडू होता. तो ठण्णकन शिरस्त्राणावर बसला.

"मेलो!" गल्याथ किंचाळला. दोन्ही हात वर गेले, मान कलली, धड मागे झुकलं.

आणि तसंच राहिलं. वरचा अर्धा मेला होता, खालचा खांबासारखा उभा होता.

"पड ना रे," मेलेला गल्याथ कुजबुजला. अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं.

पोटातून उत्तर आलं, "मी का पडू?"

"अरे, दगड लागला!"

"तुला लागला. पडायचा मान तुमच्या घराचा. मी जक्कयाच्या घरचा. तुमच्या घरचं मरण मी कसं मरू? उद्या माझा बाप विचारील."

"बाबा बघतोय रे!" वरच्याचा आवाज आता नाटकातला नव्हता.

"माझा पण आजा वरून बघतोय!"

मावशीने गोफण पुन्हा भरली. "खालच्याला पण हाणू का?" फादर हातवारे करून मला विचारत होते, आता काय? मी धंद्यात रावण जळताना पाहिलेत, पण अर्धा मेलेला राक्षस मलाही नवीन होता. उतरवावं तर सगळ्यांसमोर गल्याथाचे दोन तुकडे होणार, आणि मान तिथेच संपणार.

तेवढ्यात बाजेवरून खणखणीत आवाज आला.

"फादर! हा नारळ त्याला द्या. पोटातल्याला. सांगा, गल्याथाच्या घराने आजच्यापुरतं पडणं दिलं म्हणून."

फादरांनी नारळाकडे पाहिलं, मग चालू असलेल्या मोबाईलकडे, मग म्हाताऱ्याकडे. आणि त्यांनी नारळ उचलला. अंगण चिरत ते राक्षसासमोर गेले आणि नारळ पुढे केला.

"गल्याथाच्या घराने," फादरांनी घसा साफ केला, "आजच्यापुरतं पडणं दिलं आहे."

चिलखताच्या पोटातून मच्छरदाणी फाडून एक हात बाहेर आला. त्याने नारळ घेतला, वजन पाहिलं, आणि आत गेला.

मग गल्याथ पडला. ताड तोडल्यावर पडतो तसा, आधी शेंडा, मग मधला वाकणारा भाग, मग मुळापासून सगळं. धूळ इतकी उडाली की क्षणभर कुणी दिसेना. माझ्या रावणाची छाती तडकली. शिट्ट्या, टाळ्या, "पुन्हा! पुन्हा!" धोतरातून उंच जक्कय नारळासकट रांगत बाहेर आला आणि विचारू लागला, "ह्यो माझाच ना आता?"

बुटका उठला नाही. नाटकात मेलेला माणूस उठत नाही. शिरस्त्राणाखालून फक्त बापाकडे बघत होता.

म्हाताऱ्याने मला बोलावलं. "शेट, टेप हाय ना गळ्यात? मोजा त्याला. सगळ्यांसमोर मोजा."

मी गुडघ्यांवर बसलो. शिरस्त्राणाच्या टोकाला टेप लावली आणि धोतराच्या काठापर्यंत नेली. मध्ये चिलखत वाकलं होतं, धोतर रिकामं लोळत होतं, माणूस वरच्या अर्ध्यातच संपला होता. टेपवर आकडा होता, पण तो कशाचा होता हे टेपलाही सांगता आलं नसतं. फादरांचा मोबाईल माझ्यावर.

"माझ्यापेक्षा किती कमी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कमी?" मी म्हटलं. "बाबा, तुमच्यापेक्षा दोन बोटं जास्तच."

म्हातारा आडवा झाला आणि डब्यावरचे पाय एकमेकांवर टाकले. "मंग मान घरातच ऱ्हाईल," तो म्हणाला. "चला, जक्कयाला चढवा झाडावर. मला भूक लागली."

मी टेप पटकन गुंडाळून खिशात घातली, कुणी मागायच्या आत.