पाच वर्षांच्या गाडीचा कौल

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. अमावस्येला केस मोकळे सोडून फिरलेय, चकव्याची म्हणून बदनाम असलेल्या वाटेनं शंभरदा माहेरी गेलेय, कधी काही झालं नाही. माझं काम पार्लरचं... नवऱ्या नटवायच्या. त्यात भुतांपेक्षा नवरीच्या आत्यांना जास्त घाबरावं लागतं! पण त्या दिवशी भर दुपारी जे झालं, ते आजवर मला कुणी समजावू शकलेलं नाही.

गोष्ट २००६-०७ च्या सुमाराची. आम्ही तेव्हा भातसानगरच्या कॉलनीत राहायचो. आमचे हे धरणावर कायम नोकरीत, क्वार्टर मिळालेलं, तसं सगळं सुखाचं. पण त्या काळात शहापूरकडे हायवेलगतच्या जमिनी विकल्या जात होत्या आणि ज्याच्या त्याच्या लग्नात नवरदेवाला मोठी परदेशी गाडी पाहिजे — सुमोबिमो नको! ती भाड्यानं यायची ठाण्याहून. यांच्या डोक्यात किडा वळवळला, आपणच एक आणली तर?

ठाण्याच्या एका पार्टीकडे काळी, लांबलचक गाडी होती. विकत घेणं आमच्या सात पिढ्यांना जमलं नसतं, म्हणून लीजवर घ्यायची. एका वर्षासाठी घेतली तर हप्ता परवडत नव्हता, पाच वर्षांसाठी घेतली तर परवडत होता. मेख अशी की पाच वर्षं मध्येच सोडता येणार नाही, आणि एवढं जपून, पुसून शेवटी गाडी त्यांचीच. शिवाय तिच्यामागे पूर्णवेळ माणूस हवा, म्हणजे यांना नोकरी सोडावी लागणार.

खोटं कशाला बोलू, मलाही आधी मोह झाला होता. नवरी मी नटवायची, गाडी यांनी द्यायची! पण पाच वर्षं म्हटलं की बोटांवर हिशेब मांडत बसायचे. धंदा नाही चालला तर? क्वार्टर गेल्यावर जायचं कुठं? सासूबाई तर तोंडावर म्हणाल्या, "खंडानं घेतलेलं शेत तरी पोटाला भात देतं. लगीनसराई सरली का ही गाडी काय देनार?"

हे हट्टाला पेटलेले. शेवटी ठरलं, गावदेवाला कौल लावायचा. यांचं मूळ गाव मुरबाडकडे, धसईच्या पुढं. आमच्याकडे विहीर खणायची असो नाहीतर सोयरीक जुळवायची, देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पार्टीनं गाडी दोन दिवस चालवून बघायला दिलीच होती. हे म्हणाले, गाडीच देवाला दाखवू.

एप्रिलचं ऊन. हे स्टिअरिंगवर, मी आणि सासूबाई मागे. एसीत त्या पदर गुंडाळून बसलेल्या, "थंडी वाजते गो भर उन्हात." देऊळ म्हणजे रस्त्याला लागून उंबराखाली शेंदूर लावलेला दगड आणि वर पत्रा. गाडी थांबली तसा अख्खा गाव गोळा झाला.

आता, कौल मागणाऱ्यानं अनवाणी, जमिनीला पाय लावून उभं राहायचं असतं. शेंबडं पोरही हे जाणतं. पण हे उतरेनात, आम्हा दोघींनाही दार उघडू देईनात! का, तर पोरं हात लावतील, ओरखडा पडेल. काच खाली करून तिथूनच आमच्या भगताला, बाळूदादांना म्हणाले, "दादा, लाव कौल. पाच वरसांसाठी घेऊ का, विचार."

"आधी खाली उतर ना रे."

"देवाला इथून दिसतोय ना मी? लाव तू."

मी म्हटलं, "अहो, उतरा की जरा." तर माझ्यावरच डाफरले.

बाळूदादांनी मान हलवली, पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. ते संपतंय तोच इंजिन बंद पडलं. यांची काच आपोआप वर गेली. आणि चारी दारं — खट्!

आधी आम्ही हसलो. यांनी किल्ली फिरवली, काही नाही. बटणं दाबली, हँडल ओढलं, हॉर्न वाजवून पाहिला... मुका. बाहेरून माणसं दारं ओढत होती, दार हलेना. मोबाईलला त्या काळी तिकडं रेंज कुठली! एसी बंद, काळी गाडी, डोक्यावर सूर्य... भट्टीच झाली. श्वास जड व्हायला लागला. माणसं हाताच्या अंतरावर, त्यांची तोंडं हलताना दिसायची, आवाज मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मी काचेवर मुठी आपटत होते आणि रडत होते. इतकी आपली माणसं समोर असून कुणाचा काही उपयोग नाही, ही लाचारी मी जन्मात भोगली नव्हती. पुढच्या काचेतून देव दिसत होता. पाकळ्या तशाच चिकटलेल्या, ना उजवी पडे ना डावी.

सासूबाईंना धाप लागली. ओठ पांढरे पडले. बाहेर एकानं धोंडा उचलला, आणि हे आतून किंचाळले, "काच नको! काच नको फोडू! गाडी आपली नाय!"

"वेड लागलंय का तुम्हाला? आई जातील!"

"अगं, परदेशातनं येते ती काच! पार्टी मग गाडी देनार नाय!"

तेव्हा सासूबाईंनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. ओरडायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात.

"सुऱ्या... गाडी आपली नाय. मी तरी तुझी हाय ना रे?"

हे मागे वळले. आईचं तोंड पाहिलं. आणि सीटवर आडवे होऊन दोन्ही पायांनी काचेला लाथा घालायला लागले. "फोडा! फोडा रे, दगड घाला!" ढसाढसा रडत होते. बाहेरच्यानं धोंडा उगारला... आणि खट्! चारी दारं सुटली. धोंडा अजून त्याच्या हातातच होता.

सासूबाईंना उंबराखाली निजवलं, पाणी पाजलं. हे त्यांच्या पायाशी मातीत बसून राहिले. मग कुणाचं तरी देवाकडे लक्ष गेलं. दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या. आधी कुठली पडली, ते कुणीच पाहिलं नव्हतं. बाळूदादासुद्धा आमच्याकडे धावले होते.

"परत लावू का कौल?" त्यांनी विचारलं.

"नको दादा. गाडी परत देतो," हे म्हणाले.

गाडी एका झटक्यात चालू झाली. मी काही तिच्यात पाय ठेवला नाही. सासूबाईंना घेऊन एसटीनं मुरबाडमार्गे घरी आले. पार्टीच्या मेकॅनिकनं सगळं तपासलं, त्याला काहीच बिघाड सापडला नाही.

यांची नोकरी राहिली, क्वार्टर राहिलं. पण सासूबाई पुढं शेवटपर्यंत कधी दार लावलेल्या खोलीत झोपल्या नाहीत. मोरीची कडीसुद्धा लावायच्या नाहीत, मी बाहेर उभी राहायचे.

लोक म्हणतात, देवानं वाचवलं, नाहीतर पाच वर्षं अडकला असता. असेल बाबा. वायरिंगचा दोष म्हणावं, तर दारं नेमकी तेव्हाच कशी सुटली? आणि देवाचं काम म्हणावं, तर मला राग येतो. चुकले होते हे, कोंडायचं तर एकट्या यांनाच कोंडायचं होतं ना आत! त्या रस्त्यानं जाताना मी आजही हात जोडते. पण दर वेळी देवाला विचारते, "म्हातारीला कशाला रे कोंडलंस?"