सांध्याखालचा फुटवा

प्रेमराज नानांनी साक्री तालुक्यातल्या एका रोपवाटिकेत चाळीस वर्षं मोसंबीची कलमं बांधली. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाला चाकूने चीर द्यायची, मोसंबीच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून आत सरकवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. हंगामात दिवसाला तीनशे-चारशे. त्यांच्या हातची झाडं कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत गेली, पण नानांकडे स्वतःची वीतभर जमीन नव्हती.

काचबिंदूने नजर जायला लागली तेव्हा काम सुटलं. नाना आणि कुंदाबाई धुळ्याला देवपुरात भाड्याच्या खोलीत राहायला आले. कुंदाबाई ब्लाऊज शिवत.

नानांच्या गावी शाळेमागे एक जुनी मोसंबी होती. सालीला पातळ, चवीला अशी की चाळीस वर्षांत नानांना तिच्या जोडीची दुसरी सापडली नव्हती. रस्ता रुंद करताना ती तुटणार हे कळल्यावर नानांनी तिच्या फांद्या आणल्या आणि उरल्यासुरल्या नजरेने पाच कलमं बांधली. महिन्याभरात गावचं झाड गेलं. ती जात आता या पाच रोपांतच राहिली होती.

रोपं वाढल्यावर घरमालकाने गच्ची वापरू दिली. नानांनी निळे ड्रम अर्धे कापून आणले, तळाला एकेक भोक पाडलं आणि गावाकडून रिक्षाभर काळी माती आणवली. रोपवाटिकेत पिशव्या भरायचं काम बायांकडे असे. त्यात काय कालवतात हे नानांनी कधी विचारलं नव्हतं. शेतात काळ्या मातीत झाड जोर धरतं, मग ड्रममध्ये का नाही धरणार? वर त्यांनी कोंबडीखत घातलं, तेही ताजं.

पावसाळ्यात पानं पिवळी पडली. नानांना वाटलं, भूक लागली. त्यांनी मूठभर युरिया टाकला. पानांच्या कडा करपल्या, तेव्हा डीएपी खत टाकलं. पोळ्याला पहिलं रोप वाळलं, नवरात्रात दुसरं, दिवाळीआधी आणखी दोन. नाना दिवसातून दहादा गच्चीवर जात, चाचपडत पानं मोजत. जेवण तुटलं. एकदा सगळंच गेलं असं वाटून ते पायरीवरच बसले नि म्हणाले, "बठ्ठं मरी गयं, कुंदा. मन्हाच हातनं मरनं."

खालच्या मजल्यावर मयुरी राहत होती. माती तपासायच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. कुंदाबाई तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, तशी ती हातातलं काम टाकून वर आली. तिने पाचवं रोप ड्रममधून उपसून काढलं. मातीचा विटेसारखा गड्डा निघाला, खाली चिखल, मुळं तपकिरी आणि कुजका वास.

"नाना, काळी माती शेतात चांगली," ती म्हणाली. "तिथे पाण्याला खाली जायला वाट असते. ड्रममध्ये ती पाणी धरून बसते, मुळांना हवाच मिळत नाही. आणि कुजलेल्या मुळांवर तुम्ही खत ओतत गेलात."

नानांनी तो गड्डा हातात घेऊन दाबून पाहिला.

दुसऱ्या दिवशी मयुरीने नवं मिश्रण कालवलं. धुतलेला नारळाचा भुसा, जाडी वाळू, भाताचं तूस, पूर्ण कुजलेलं शेणखत थोडंसं आणि ओंजळभर निंबोळी पेंड. मूठ दाबून सोडली की ढेकूळ सुटायला हवं, हे तिने नानांच्या हातात देऊन दाखवलं. ड्रमला बुडाशी दहा भोकं पाडली. कुजलेली मुळं कापून रोप लावलं.

"नवी पानं येईपर्यंत खताचा कणही नाही. नंतर चिमूटभर, त्यात जस्त आणि लोह असलेलं. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, त्याने लोह मुळांना मिळत नाही."

रोपाची होती ती पानंही गळली. नुसती काडी उरली. मकरसंक्रांत झाली आणि एका सकाळी कुंदाबाई गच्चीवरून ओरडल्या, "दखा ना! फुटवा उना!"

नाना धडपडत आले. त्यांनी खोडावरून बोट खाली नेलं, कलमाचा सांधा लागला, त्याच्याही खाली गेलं. तिथे ती कोवळी पानं होती. त्यांनी एक पान चुरगळून हुंगलं.

"जंबेरी शे," ते म्हणाले. "खुंट जगना. मोसंबी नई."

जगला होता तो सांध्याखालचा खुंट; त्याच्या फुटव्याला मोसंबी कधी धरणार नव्हती, हे कुंदाबाईंनाही ठाऊक होतं.

नानांनी सांध्याच्या वरची साल नखाने खरवडली आणि विचारलं, "रंग काय शे?"

"हिरवा. पण वर तपकिरी."

जेमतेम चार बोटं लाकूड जिवंत होतं, त्यावर दोन डोळे. थांबलं तर तेही जाणार होते. जुन्या रोपवाटिकेतून पिशव्यांतली जंबेरीची दोन रोपं आणवली. नानांनी चाकू हातात घेतला. पातं सालीच्या जागी त्यांच्याच अंगठ्यात गेलं. पुसलेला चाकू त्यांनी बायकोपुढे धरला.

"तू कर."

"माले काय येस?"

"ब्लाऊजची बाही बेतस ना तू? मी सांगस तशी कर."

कुंदाबाईंनी दोन्ही रोपांना चीर दिली, साल उचलली, एकेक डोळा सरकवला. नाना प्रत्येक पायरीला बोट लावून पाहत होते. "दाब नको. हळू. आता पट्टी खालून वर."

एकवीस दिवस नानांनी त्या पिशव्यांपाशी अंथरूणच टाकलं. पट्टी सोडायची वेळ आली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"पहिला काळा पडना," म्हणत कुंदाबाईंनी मेलेला डोळा खाली टाकला.

नानांनी मान हलवली. दुसरी पट्टी सुटायला फार वेळ लागतोय असं त्यांना वाटलं.

"हिरवा शे."

"नीट दख."

"हिरवा शे हो."

"आखो दख, कुंदा."

कुंदाबाईंनी पुन्हा पाहिलं. गव्हाच्या दाण्याएवढा डोळा, सालीला घट्ट धरून होता. नाना वळले, पण हात पुढे करायचं धाडस त्यांना झालं नाही.