चिमीनं पक्ष बदलला

जगात हेवा वाटावा असं जे जे काही आहे, त्या प्रत्येकाचा माझ्या आतोबांनी एकदा तरी मनापासून हेवा केला होता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नगर ते खर्डा अशी प्रवासी मोटार त्यांनी जन्मभर चालवली आणि जन्मभर ते कंडक्टरवर जळत राहिले. "खड्डे चुकवायचे म्या, आन् उतरताना लोक राम राम घालनार त्याला!" शेजाऱ्याच्या जास्वंदीला जास्त फुलं आली की ते स्वतःच्या जास्वंदीकडे पाठ करून चहा पीत. एकदा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला जास्त माणसं येतात म्हणून त्यांनी मला निरोप धाडला, "चार-दोन मित्र घेऊन ये. माझ्या ओळखीचे नसले तरी चालतील." मीही नेले होते.

हा सगळा जळफळाट निवायचा तो चिमीपाशी. चिमी ही त्यांची मांजर. खर्ड्याला मुक्काम असताना किल्ल्याजवळ सापडलेलं पिल्लू त्यांनी सीटखाली टोपलीत घालून केडगावला घरी आणलं, आणि तेव्हापासून ती फक्त त्यांची झाली. त्यांच्या हातचं खायची, त्यांच्या मांडीवर निजायची आणि आत्या जवळ आली की फिसकारायची. आत्या तिला उघड उघड 'माझी सवत' म्हणे. आतोबांना ते फार आवडे. त्यांच्यापायी दुसरं कुणीतरी जळतंय, हे सुख त्यांना आयुष्यात तेवढं एकच मिळालं होतं.

दुष्काळाच्या साली चिमी एकदम म्हातारी दिसू लागली. केस झडले, पाठीचा कणा बोटांना लागायला लागला आणि तिचं वागणंच बदललं. सारखी पाणी मागायची. भर दुपारी भिंतीकडे तोंड करून ओरडत बसायची. एके सकाळी ती आतोबांच्या मांडीवरून उठली, भिंतीच्या कडेकडेनं चाचपडत स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपुढे बसलेल्या आत्याच्या मांडीवर चढली. आत्याच्या हातातली भाकरी तव्याऐवजी जाळात पडली.

मी तेव्हा नगरला नोकरीला होतो. रविवारी सायकलवरून गेलो, तर आतोबा ओसरीवर तोंड पाडून बसलेले. "तुझ्या आत्यानं फितवली तिला," ते म्हणाले. त्यांनी दूध दाखवून पाहिलं, सुकट भाजून पाहिली. चिमी वास घ्यायची, खायचीसुद्धा, आणि तोंड चाटत पुन्हा आत्याकडे जायची.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा आत्या पाण्याला गेली होती, आणि चुलीपुढे तिचं हिरवं लुगडं डोक्यावरून घेऊन कुणीतरी बसलं होतं. पदराखाली पांढऱ्या झुपकेदार मिशा होत्या. "गप," मिशा हलल्या, "ती वासावर येती." आणि खरोखरच चिमी आली, पदर हुंगून मांडीवर चढली. आतोबांचा चेहरा फुलला. त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला होता. तेवढ्यात डोक्यावर हंडा घेऊन आत्या दारात उभी राहिली. नवऱ्याला खालून वर निरखून म्हणाली, "हिरवं बरं दिसतंय की वो तुमाला!" तिचा आवाज ऐकला मात्र, चिमी मांडीवरून उतरून तिच्या पायांशी गेली.

शेवटी आम्ही तिघं चिमीला पिशवीत घालून गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, "नजर गेलीय, मूत्रपिंडं थकलीत. ऊब आणि पाणी जिथं मिळेल तिथं ती जाणार. पाणी कमी पडू देऊ नका."

"पानी कोन पाजतंय तिला?" बाहेर आल्यावर आतोबांनी विचारलं.

"मीच," आत्या म्हणाली. "तुमी ओसरीवर घोरत असता. ती रडती. मग माझ्या तांब्यातलं ओतते वाटीत."

त्या साली पाणी किती लांबून आणावं लागे, ते आतोबांना ठाऊक होतं, पण आणत आत्याच होती. दुसऱ्या दिवसापासून पाण्याला ते जाऊ लागले आणि आपली घोंगडी ओसरीवरून उचलून त्यांनी चुलीजवळ, चिमी दोघांच्या मधे येईल अशी अंथरली. हेवा काही सुटला नाही. "पानी आनायचं म्या, आन् पिनार हिच्या हातनं!"

चिमी गेली ती एका सकाळी, आत्याच्या मांडीवर. आतोबांचं बोट तिच्या हनुवटीखाली होतं. आत्या हुंदके देऊन रडली. आतोबांचेही डोळे भरले होते, तरी त्यांच्यानं राहवलं नाही. "माझ्यापायी रडशील का गं एवढी?"

"आदी जाऊन तर बगा," आत्या पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मग सांगते."

बऱ्याच दिवसांनी मी पुन्हा केडगावला गेलो. पाऊस झाला होता, ओसरीवर छान गारवा होता, पण तिथं कुणी नव्हतं. आतोबा आत घोंगडीवर बसून शेंगा फोडत होते आणि फोडल्यापेक्षा जास्त खातात म्हणून आत्याची बोलणी खात होते. दोघांच्या मधे थोडी जागा होती. मी तिथं टेकायला गेलो.

"तिथं नगं," आतोबा हळूच म्हणाले. "अलीकडं बस."

आत्यानं दुसऱ्या बाजूचा पाट माझ्याकडे सरकवला.